बंब, बैलगाड्या आणि आग्रा रोड

दिवाळीची गर्दी सराफ बाजारातून ओसरली की जळगावच्या रस्त्यांवर कापूस यायला लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन्ही अंगांनी फुगलेला, ताडपत्रीला न जुमानणारा. बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, रस्त्याकडेच्या गवताला त्याचे पुंजके अडकून राहतात आणि येणारे-जाणारे म्हणतात, वा, यंदा हंगाम चांगला दिसतोय. मला काही वा म्हणवत नाही. परवा रिक्षातून येताना अशीच एक ट्रॉली पुढे होती. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. एका काठीला कुणाच्या तरी जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, तीही धुळीने मातकट झालेली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा, जरा मागे राहा, इतका चिकटून जाऊ नकोस."

तो हसला. "आजी, दिवसाढवळ्या कसली भीती वाटते तुम्हाला?"

भीती नाही रे बाबा, राग येतो. पण रिक्षात बसून हे कुणाला समजावणार? घरी आले, पदराला चिकटलेला एक पुंजका काढून टाकला आणि हात धुतले. लोक कापसाला मऊ म्हणतात. म्हणोत. त्यांनी गादीतला कापूस पाहिला आहे. ठिणगी पडली की तो कसा आतल्या आत धुमसत राहतो, वरून पांढरा दिसतो आणि हात घातला की आत निखारा लागतो, हे बंबवाल्याच्या बायकोला विचारावं.

मी बंबवाल्याची बायको. मुंबई राज्य होतं आणि आमच्या जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत, तेव्हा मी लग्न होऊन धुळ्यात आले. नवरा नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर. चालवायचेही तेच आणि हुकूमही त्यांचाच, कारण हाताखालची चार माणसं सोडली तर दुसरं होतंच कोण! बंबाच्या शेडमागे आमची खोली. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या लाल धुडाकडे पाहिलं तेव्हा मला ते देवळातल्या रथासारखं वाटलं. पितळी घंटा चिंचेने घासून अशी लखलखीत ठेवलेली की तीत तोंड पाहून कुंकू लावावं. पुढे कळलं की आपल्याला सवत मिळाली आहे. पावसाळ्यात ती गप्प असायची. कापूस वेचणीला आला की मात्र तिचे दिवस सुरू व्हायचे आणि माझे संपायचे.

दिवाळी ते होळी असा तो काळ. धुळ्याची हवाच बदलून जायची. सरकीचा तेलकट वास, तागाच्या पोत्यांचा वास, जिनांच्या यंत्रांची दिवसभर चालणारी घरघर. वाळत घातलेल्या धोतरावर बारीक पांढरी लव बसायची, भाकरीच्या पिठात, दुधाच्या भांड्यात तीच. जिनात कापूस सरकीपासून वेगळा करताना एखादा खडा, एखादा खिळा यंत्रात गेला की ठिणगी उडायची आणि आग. ह्यांचे बूट उंबऱ्यापाशी तोंड बाहेर करून ठेवलेले असत. ताटावरून उठून गेलेल्या माणसाचं ताट झाकून ठेवायचं की काढून टाकायचं, हा प्रश्न मला त्या दिवसांत पडायचा तितका एरवी कधी पडला नाही. परत यायचे तेव्हा धुराने माखलेले, पाण्याने चिंब, भुवया करपलेल्या. मी चिडायचे. ते म्हणायचे, "आग सांगी येस का?" सांगून येत नाही हे खरंच, पण दर वर्षी त्याच महिन्यांत येते, हेही तितकंच खरं होतं.

आणि आग्रा रोड. तो धुळ्याच्या पोटातून गेलेला. माझं माहेर त्याच रस्त्याने उत्तरेला, एका फाट्याच्या आत. पहाटे गाडी जुंपली की उन्हं चांगली वर येईतो धुळ्यात. हंगामात त्या रस्त्यावर गाड्यांची रांगच रांग लागायची. जाताना कापसाचे डोंगर, येताना रिकाम्या. परतीच्या गाडीत गाडीवान सरळ आडवा व्हायचा. बैलांना रस्ता पाठ, कासरा पायाला गुंडाळलेला, वर घोंगडी. आमच्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती आणि ज्या रस्त्यावरून फक्त बैलगाड्याच जात त्या रस्त्यावर त्यात काही वावगं नव्हतं. पण स्वातंत्र्यानंतर मालमोटारी वाढल्या. मुंबईहून इंदूरकडे जाणाऱ्या, डोळ्यांवर झोप घेऊन चाललेल्या. म्हणजे गाडीवानही झोपलेला आणि ड्रायव्हरही पेंगुळलेला. जागे होते ते फक्त बैल.

परवा मुलाच्या कॉलनीतल्या शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. अग्निशमन दलाची गाडी आली, पोलीस आले, कुठल्याशा कारखान्याचे लोक टोप्या वाटायला आले. मुलांनी घोषणा दिल्या. सून मला म्हणाली, "आई, बघा ना, आता सगळे मिळून काम करतात. तुमच्या वेळी असं नसेल." मी म्हटलं, "होतं बाई." ती चकित झाली. तिला वाटतं, सगळं तिच्याबरोबरच जन्माला आलं.

होतं. एका हंगामात आधी दोन जिनं पेटली आणि पाठोपाठ आग्रा रोडवर गाड्यांना मालमोटारी धडकल्या, तेव्हा नगरपालिकेच्या दिवाणखान्यात सगळ्यांची बैठक भरली. फौजदार आले, जिनवाले शेठ आले, नगरपालिकेची मंडळी आली आणि बंबाकडून आमचे हे. गाडीवानांपैकी कुणाला बोलावलं नव्हतं. त्यांच्या भल्यासाठीच तर सगळं चाललं होतं, मग त्यांना कशाला त्रास! हे घरी आले ते अगदी उजळलेल्या चेहऱ्याने. मला समोर बसवून सगळं सांगितलं. इतक्या हौसेने ते माझ्याशी आधीही बोलले नव्हते आणि नंतरही नाही.

फौजदारांचं म्हणणं, प्रत्येक गाडीला मागे पेटता कंदील पाहिजे. ह्यांचं म्हणणं, कापसाने भरलेल्या गाडीला कंदील बांधाल तर रस्त्यावर होळी होईल. बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी तोड निघाली. भरलेली गाडी फक्त उजेडात चालेल. रिकामी गाडी अंधारात निघालीच तर मागे कंदील लावूनच. आणि मुळात अंधारात निघायची वेळच येऊ नये म्हणून माल उतरल्यावर गाड्यांना जिनाच्या आवारात रात्रभर थांबू द्यायचं, सकाळी सोडायचं. शिवाय रस्त्यावर कुठे अपघात झाला तर नाक्यावरून बंबाला फोन करायचा, कारण दवाखान्याची गाडी नव्हतीच, माणसं उचलून आणणार कोण? हे सगळं मला आजही शहाणपणाचं वाटतं. चूक काढायची म्हटली तरी निघत नाही, आणि त्याचाच मला जास्त जाच होतो.

शेठनी तिथल्या तिथे कंदील द्यायचं कबूल केलं. टाळ्या पडल्या. कंदील आले तेव्हा पाहिलं तर लाल काचेवर काळ्या रंगात जिनाचं नाव ठसठशीत घातलेलं. नाव मागच्या बाजूला यावं असाच टांगायचा, हेही बजावलेलं. दानाची जाहिरात व्हायला पाहिजे ना! काचेचा निम्मा उजेड अक्षरांनीच खाल्ला. मी ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "फुकटना कंदील शेतस, नावं नको ठेवू."

त्या हंगामात हे आणि फौजदारांचा एक शिपाई दुपारी उत्तरेच्या नाक्यावर उभे राहायचे. गाड्या थांबवून बिड्या विझवायला लावायच्या, कापसावर तागाचं कापड नीट ओढून बांधायला लावायचं. लोक आधी कुरकुरले, मग ऐकायला लागले. माझे वडीलही त्यातच. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही. आबा नाक्यावर जावयाला पाहून गाडीवर सरळ होऊन बसायचे आणि इतर गाडीवानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "साहेब, मन्ही गाडी बी तपासा हां!" हे ओशाळायचे. आबांना फार मजा वाटायची.

माल उतरला की आबा पायी चालत मला भेटायला यायचे. पण घरात नाही. मला अजून मूलबाळ नव्हतं आणि नातवाचं तोंड पाहिल्याशिवाय बापाने लेकीच्या घरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. आबा शेडपलीकडच्या निंबाखाली उभे राहायचे, स्वतःच्या लोट्यातलं पाणी प्यायचे, माझ्या हातात हरभऱ्याची भाजी नाहीतर कोवळी वांगी ठेवायचे. मी गरम भाकरी घेऊन उभी आणि ते स्वतःच्या फडक्यातली गार भाकरी खाणार! ही कसली माया, मला कधी कळलं नाही. मी रागावले की म्हणायचे, "आते जिनमा रात काढाले भेटस ना. तुन्हा धनीनी भलं काम करं." बाकी काही असो, तोवर आबा त्या हंगामात एकदाही अंधारात आग्रा रोडवर नव्हते. ते आलेले असत त्या दिवशी दिवेलागणीला मला त्याचं बरं वाटायचं. आज आपला बाप आवारात आहे, उद्या उजेडात जाईल, एवढंच.

मग चुलीचं आलं.

जिनाच्या आवारात मुक्काम म्हटल्यावर गाडीवान जेवणार कुठे? तीन दगड मांडायचे, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, पिठलं रटरटवायचं. हे एकदा पाहणीला गेले तर चुलीपासून हाताच्या अंतरावर कापसाची गंजी. त्यांचं डोकंच फिरलं. शेठकडे जाऊन सांगितलं, आवारात चूल पेटता कामा नये. विहिरीपलीकडे मोकळी जागा आहे, तिथे पत्रा टाकून द्या, तिथे पेटवू द्या आणि मग झोपायला आवारात येऊ द्या.

शेठनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. पत्रा टाकायचा, जागा झाडायची, माणूस ठेवायचा, एवढी यातायात कोण करणार? त्यापेक्षा दिवस मावळायला आला की सगळ्यांनाच फाटकाबाहेर काढलेलं सोपं. फाटकावरचा पहारेकरी गाडीवानांना सांगायचा, "बंबवाल्यांचा हुकूम आहे." हंगामात बाजारातल्या गाडीतळावर एक बैल उभा करायला जागा नसायची. म्हणजे गाड्या निघणार कुठे, तर आग्रा रोडवर. ज्या रस्त्यापासून त्यांना वाचवायला बैठक भरली होती, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच बैठकीच्या नावाने त्यांना ढकलायला सुरुवात झाली.

ह्यांच्या कानावर ते आलं. नगरपालिकेत जाऊन सांगितलंही. तिथे म्हणाले, हंगाम संपू द्या, मग बघू. शेठ मोठा माणूस, कंदील त्याने दिलेले, त्याला दुखवून कसं चालेल? आणि हे परत आले. एखादी आग लागली असती तर हेच गृहस्थ शेठचं फाटक कुऱ्हाडीने फोडून आत शिरले असते. पण आग नव्हती. तेव्हा ते परत आले आणि बंबाची घंटा घासायला बसले. माझ्या माणसाला आगीपुढे उभं राहता यायचं, गादीवर बसलेल्या माणसापुढे नाही. हे मी तेव्हाही त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू घरमा बसेल शे, तुले काय समजस?"

थंडीतला दिवस लवकर बुडतो. त्या संध्याकाळी मी दिवा लावत होते तर बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. आबा गाडी घेऊनच आले होते. असं कधी झालं नव्हतं.

"आबा, या येळले कसा उनात?"

"जिनवालास्नी भाइर काढं. चूल पेटाडानी नही, मंग मानूसबी थांबाना नही, आसं म्हनतस."

"मंग आठेच ऱ्हा ना आज."

"येडी शे का तू? तुन्हा घर मी कसा ऱ्हासू?" वर हसले. मी मोठा विनोद केला होता जसा काही.

तेवढ्यात शेडमधून हे बाहेर आले. सासऱ्याच्या पाया पडले आणि मग अवघडून म्हणाले, "गाडं आठे नका उभं करू आबा. घंटा वाजनी ते बंब निंघाले वाट पाहिजे." तेही खरंच होतं. बंबासमोर गाडी उभी करता येत नाही, जिनात चूल पेटवता येत नाही, लेकीच्या घरी मुक्काम करता येत नाही. एकेक गोष्ट धरली तर कुणाचंच काही चुकत नव्हतं. सगळ्यांच्या बरोबर असण्यातून माझ्या बापाला एका रात्रीपुरती पाठ टेकायला जागा उरली नव्हती.

आबांनी शेठचा कंदील पेटवला, नियमाप्रमाणे मागे टांगला, नाव बाहेर करून. "बैलस्ले रस्ता पाठ शे," म्हणाले. "गाव निजाना पहिले घर ऱ्हासू." गाडी वळली. मी बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभी होते. लाल उजेड दिसेनासा व्हायला फार वेळ लागला नाही.

मी भाकऱ्या थापत होते तेव्हा घंटा झाली. बंब निघाला, सगळी गल्ली बाहेर आली. हंगामात घंटा झाली की पोरं-बाळं, बाया, दुकानदार सगळे आधी आभाळाकडे पाहायचे, कुठल्या जिनावर लाली दिसते ते. त्या दिवशी आभाळ काळंच होतं. "छोटी आग असेल," शेजारीण म्हणाली. मला बरं वाटलं. छोटी आग म्हणजे हे लवकर येतील, भाकरी गरम मिळेल.

लवकरच आले. दारात उभे राहिले. कपडे कोरडे होते. धुराचा वास नव्हता, हात काळे नव्हते, अंगावरून पाणी गळत नव्हतं. बंब घेऊन गेलेला माणूस असा कोरडा परत आलेला मी कधी पाहिला नव्हता. मी विचारलं, कुठे होती आग? ते खाली बसले आणि त्यांनी माझे पाय धरले. नवऱ्याने बायकोचे पाय धरावेत असं जगात एकच कारण असू शकतं, ते मला तिथेच कळलं. आबांना त्यांनी बंबाच्या नळीच्या गुंडाळ्यांवर निजवून आणलं होतं. ठरल्याप्रमाणे नाक्यावरून फोन आला होता, ठरल्याप्रमाणे बंब गेला होता. बैठकीतलं एवढं एकच कलम त्या दिवशी पुरतं पाळलं गेलं. मालमोटारीचा ड्रायव्हर म्हणाला, दिवा दिसलाच नाही, जवळ गेल्यावर काहीतरी काळंलाल दिसलं. एक बैल तिथेच गेला. दुसरा जोखडासकट उभा होता म्हणे, रस्त्याच्या मधोमध, घराकडे तोंड करून.

तेराव्याला माझ्या भावाने भरल्या घरात ह्यांना विचारलं, "दाजी, चूलना नियम तुमनाच ना?"

"हां. मन्हाच."

"बराबर व्हता?"

हे म्हणाले, "बराबर व्हता."

भाऊ उठून गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही, पुढे मला मुलगा झाल्यावरही नाही. मला दोघांचाही राग आला. भावाचा, कारण तो शेठच्या फाटकाशी जाऊन हे विचारू शकला असता आणि त्याने सोयीचा माणूस धरला. नवऱ्याचा, कारण विहिरीपलीकडच्या पत्र्याचं वाक्य त्यांच्या तोंडून तेव्हाही बाहेर पडलं नाही. तेवढं बोलले असते तर निम्मं गाव शेठच्या दारात गेलं असतं. पण हे अपराध्यासारखे बसून राहिले. स्वतःच्या डोक्यावर ओझं घेतलं की मोठेपणा दिसतो. शेठ मात्र त्यातून सहीसलामत सुटला आणि त्याचं फाटक हंगामभर दिवस मावळताना तसंच बंद होत राहिलं.

होळी झाली, कापूस संपला. त्या हंगामात उरलेल्या दिवसांत धुळ्यातलं एकही जिन पेटलं नाही. मग दिवाणखान्यात पुन्हा सभा. शेठ अध्यक्ष, फौजदार पाहुणे. आगी रोखल्याबद्दल बंबवाल्यांचा सत्कार. मला वाटलं, हे जाणार नाहीत. गेले. इस्त्रीचा गणवेश घालून गेले. मी दारात उभी होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दिवसभर मी मनाशी म्हणत होते, जाऊ दे, माणूस तिथे उभा राहील आणि शेठच्या तोंडावर बोलेल. माझ्या बापाचं नाव घेईल. त्यासाठीच गेला असेल. नोकरी गेली तरी चालेल, आपण माहेरच्या गावी शेतात राबू, असं सगळं ठरवून मी मोकळी झाले होते.

दिवस कलताना आले. खांद्यावर शाल, हातात नारळ. मी पाणी दिलं आणि विचारलं, "आबानं नाव कोनी काढं का?"

त्यांनी शाल काढली, नीट घडी घातली.

"तो रस्ताना इषय शे," म्हणाले. "आजनी सभा आगनी व्हती."

हे वाक्य त्यांना त्या सभेत कुणी ऐकवलं होतं, की वाटेने चालताना त्यांनी स्वतःच जुळवलं होतं, ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही. कुणी ऐकवलेलं असतं तर मी त्यांना माफ करू शकले असते.